काँकमध्ये एक रात्र: दक्षिण फ्रान्समधलं लहानसं तीर्थगाव नीट पाहायचं तर

काँकला बहुतेक लोक दुपारी येतात. बस गावाबाहेर थांबते, दीड-दोन तासांत चर्च, खजिना आणि फोटो उरकतात आणि सगळे पुढच्या गावाला निघतात. माझी पहिली भेट अशीच झाली. तुलूझहून सकाळी निघाले, जेवणाच्या वेळी पोचले आणि उन्हं उतरायच्या आत परत. पुढे दोन वर्षांनी मुक्कामाला गेले, तेव्हा लक्षात आलं की पहिल्या खेपेला मी गावाची फक्त हजेरी लावली होती. इथलं जे खरं पाहण्यासारखं आहे ते उजेडाबरोबर बदलतं, आणि त्याला संध्याकाळ, रात्र आणि सकाळ असे तिन्ही प्रहर लागतात. म्हणून हा लेख एका मुक्कामाच्या हिशोबाने लिहिला आहे. दुपारी तीनच्या सुमारास पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला गाव सोडायचं.

आधी गावाची ओळख

काँक हे ऑक्सितानी प्रांतातल्या आव्हेरों जिल्ह्यातलं गाव. दुर्दू आणि ऊश या दोन लहान नद्यांच्या संगमाजवळ, डोंगराच्या उतारावर ते वसलेलं आहे. लॅटिनमध्ये शंख-शिंपल्याला ‘काँखा’ म्हणतात आणि इथली दरी शिंपल्यासारखी खोलगट आहे, त्यावरून हे नाव पडलं. २०१६ पासून शेजारची तीन गावं आणि काँक मिळून ‘काँक-आँ-रुएर्ग’ अशी एकच ग्रामपालिका झाली आहे. नकाशावर किंवा पाट्यांवर हे लांब नाव दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाचा एक एकांतवासी साधक या दरीत येऊन राहिला. त्याच्याभोवती मठ उभा राहिला. पण मठाचं भाग्य उजळलं ते एका मुलीमुळे. संत फ्वा ही आजँ शहरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, परंपरेनुसार इ.स. ३०३ मध्ये, रोमन देवांना वंदन करायला तिने नकार दिला. तिला लोखंडी जाळीवर भाजलं आणि मग तिचा शिरच्छेद केला, असं सांगतात. ‘फ्वा’ म्हणजे श्रद्धा. तिच्या अस्थी आजँमध्ये होत्या. इ.स. ८६६ च्या सुमारास काँकच्या एका साधूने त्या चक्क चोरून आणल्या. परंपरा सांगते, की हा साधू आजँच्या मठात दहा वर्षं राहिला, सगळ्यांचा विश्वास संपादन केला, समाधीची राखण त्याच्याकडे आली आणि मग एका रात्री तो अस्थी घेऊन निघाला. मठाने ही गोष्ट कधी लपवली नाही. संतालाच इकडे यायचं होतं, एरवी चोरी साधलीच नसती, असा त्यांचा युक्तिवाद होता.

अस्थी आल्या, चमत्कारांची कीर्ती पसरली, यात्रेकरू येऊ लागले. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पायी जाणाऱ्यांची एक मोठी वाट ल प्वी-आँ-व्हले या गावाहून निघते. काँक हा त्या वाटेवरचा महत्त्वाचा मुक्काम झाला, आणि आजही आहे. फ्रान्समधल्या या यात्रामार्गांना १९९८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. काँकचं चर्च आणि खाली दुर्दूवरचा जुना पूल, या दोन्हींचा त्यात समावेश आहे.

पोचायचं कसं

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागेल. पर्यटनासाठी कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि अर्जासोबत किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा जोडावा लागतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडचण येते ती शेवटच्या चाळीस किलोमीटरला.

काँकचं सर्वांत जवळचं मोठं गाव रोदेझ, साधारण ४० किलोमीटरवर. पॅरिसच्या ओस्टर्लित्झ स्थानकातून रोदेझला रात्रीची रेल्वे जाते. तुलूझहून दिवसा गाड्या असतात. रोदेझहून पुढे सार्वजनिक बस मोजक्याच, आणि सुट्टीच्या दिवशी आणखी कमी. बसवर विसंबून जायचं असेल तर वेळापत्रक आधी पाहा, मुक्काम नंतर ठरवा. उलटा क्रम अंगाशी येतो.

सर्वांत सोयीचं म्हणजे तुलूझ किंवा रोदेझला भाड्याने गाडी घेणं. तुलूझहून साधारण १८० किलोमीटर, अडीच तास धरा. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घरून निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून घ्या. शेवटचा रस्ता वळणांचा आहे. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी घेऊन बसावं.

तिसरा मार्ग पायांचा. ल प्वीहून काँक साधारण २०० किलोमीटर, म्हणजे नऊ-दहा दिवसांची चाल. एवढी रजा नसेल तर शेवटचा एकच टप्पा चाला. एस्पेराक या खेड्यातून सकाळी निघालात तर सेनेर्गवरून बारा-तेरा किलोमीटर चालून दुपारी काँकला उतरता. खुणा सोप्या आहेत. झाडांवर, खांबांवर, दगडांवर पांढरा आणि त्याखाली लाल, असे दोन आडवे पट्टे रंगवलेले असतात. फुलीसारखे एकमेकांवर आलेले दिसले तर ती वाट चुकीची. शेवटची उतरण तीव्र आहे, पावसात निसरडी होते, गुडघ्यांना सांभाळा. पण झाडीतून उतरताना एकाएकी खाली पाटीच्या दगडांची छपरं आणि त्यांच्यामधून वर आलेले चर्चचे मनोरे दिसतात. गाडीतून येणाऱ्याला हे दृश्य मिळत नाही.

कधी जावं, कुठे राहावं

एप्रिलअखेर ते जून, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गल्ल्या भरून जातात. हिवाळ्यात गाव शांत असतं, पण बरीच हॉटेलं आणि दुकानं बंद असतात. ६ ऑक्टोबर हा संत फ्वाचा सणाचा दिवस. त्यानंतरच्या रविवारी मिरवणूक निघते. ती पाहायची असेल तर खोली फार आधी घ्या.

गावात हॉटेलं आहेत, घरगुती खोल्या आहेत आणि यात्रेकरूंसाठी ‘जीत’ म्हणजे सामायिक मुक्कामाच्या जागा आहेत. मठाची स्वतःची धर्मशाळाही आहे. तिथे स्वयंसेवक स्वागत करतात आणि जेवण सगळ्यांचं एकत्र, लांब टेबलांवर होतं. पायी येणारे आपल्यासोबत यात्रेचं शिक्क्यांचं पुस्तक बाळगतात. प्रत्येक मुक्कामी त्यावर शिक्का घ्यायचा. आरक्षण करताना ‘दमी-पांसियों’ विचारा, म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून. लहान गावात रात्री नवाला स्वयंपाकघरं बंद होतात, त्यामुळे हा प्रश्न आधीच सुटलेला बरा. चाकांची बॅग नेऊ नका. गल्ल्या चढ-उताराच्या आणि दगडी फरशीच्या आहेत. गाडी गावाबाहेरच्या सशुल्क वाहनतळावर ठेवून सामान हातात घेऊनच आत जावं लागतं.

पहिली पायरी: दुपारी गाव लांबून पाहा

आल्या आल्या चर्चकडे धावू नका. गाडी असेल तर आधी दरीच्या समोरच्या बाजूला बांकारेल नावाच्या ठिकाणी जा. तिथून सगळं गाव एका नजरेत येतं आणि शिंपल्याची उपमा पटते. एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कसं, हा प्रश्नही तिथूनच पहिल्यांदा नीट पडतो.

मग गावात शिरा. घरं बघताना तीन रंग ओळखायचा प्रयत्न करा. भिंतींत आणि छपरांवर करडा शिस्ट. हा पापुद्र्यांनी सुटणारा दगड, त्याच्या पातळ पाट्यांना इथे ‘लोझ’ म्हणतात आणि कौलांऐवजी त्याच वापरतात. मध्ये लाकडी चौकटीत भरलेल्या मातीच्या भिंती. आणि चर्चमध्ये पिवळसर चुनखडी व तांबूस वालुकाश्म. संध्याकाळच्या उन्हात हा पिवळा दगड मधासारखा दिसतो. हल्लीच्या कोणत्याही रोषणाईची त्याला बरोबरी नाही.

गल्ल्यांतून फिरायला अर्धा तास पुरतो. व्हँझेल वेस आणि बारी वेस या दोन जुन्या वेशी पाहून घ्या. चर्चच्या शेजारी मठाचं आवार होतं, ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरंचसं पाडलं गेलं. आता थोड्या कमानी आणि हिरवट सर्पेंटाइन दगडाचं मोठं कुंड उरलं आहे. तिथल्या स्तंभशीर्षांमध्ये एक शोधा. अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या मागून हातात अवजारं घेतलेले गवंडी डोकावतायत. ज्यांनी हे सगळं बांधलं त्यांनी स्वतःलाही एका कोपऱ्यात कोरून ठेवलं. मला तो दगड फार आवडतो.

दुसरी पायरी: दारावरचा न्यायनिवाडा

चर्चचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे. त्यामुळे मुख्य दारावरचा अर्धवर्तुळाकार शिल्पपट उतरत्या दुपारी उजेडात येतो. सकाळी तो सावलीत असतो. या एका कारणासाठीही दुपारी पोचून थांबावं. समोरच्या पायऱ्यांवर बसा आणि निदान पाऊण तास द्या. जमलं तर छोटी दुर्बीण न्या.

हा पट बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. सुमारे पावणेसात मीटर रुंद, साडेतीन मीटरहून थोडा जास्त उंच, आणि त्यात १२४ आकृती आहेत. विषय अंतिम न्यायाचा. ज्या काळी लोकांना वाचता येत नव्हतं त्या काळी दारात शिरणाऱ्या प्रत्येकासाठी हा उघडलेला ग्रंथ होता. निळ्या, तांबड्या रंगांचे अंश अजून दिसतात. एकेकाळी सगळा पट रंगवलेला होता.

सुरुवात मधून करा. येशू बसलेला आहे. उजवा हात वर, डावा खाली. हातांच्या या दोन दिशांवर सगळी रचना तोललेली आहे. त्याच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे, तरलेले. दुसऱ्या बाजूला बुडालेले. डावीकडची माणसं ओळीने, शांत, एकमेकांमागून चालतात. पुढे मेरी, मग किल्ली घेतलेला पीटर, मागे एक साधक, बहुधा दादों, आणि एका राजाला हाताला धरून नेणारा मठाधिपती. हा फ्रँक लोकांचा राजा, पुढे सम्राट झालेला शार्लमान्य. मठाला त्याने भरभरून दिलं अशी इथली परंपरा. तरीही त्याचे पाय जरा अवघडलेले आहेत, देणगीदाराला हात धरूनच न्यावं लागतंय. शिल्पकाराने राजालाही सूट दिलेली नाही.

आता त्या ओळीच्या खाली, कोपऱ्यातल्या त्रिकोणात पाहा. एक छोटी आकृती जमिनीवर झुकलेली आहे आणि वरून ढगातून आलेला देवाचा मोठा हात तिला स्पर्श करतोय. ही संत फ्वा. तिच्यामागे कमानींखाली बेड्या लटकल्या आहेत. तिचा धावा करून कैदेतून सुटलेले लोक आपल्या बेड्या इथे आणून वाहत. चर्चच्या आतल्या लोखंडी जाळ्या त्याच बेड्या वितळवून केल्या, असं गावात सांगतात. आत गेल्यावर त्या जाळ्या नक्की पाहा.

येशूच्या पायांखाली तराजू आहे. एका बाजूला देवदूत मायकेल, दुसऱ्या बाजूला सैतानाचा दूत, दोघे समोरासमोर, आणि सैतानाचा दूत बोटाने आपलं पारडं हळूच खाली दाबतोय. तरीही पारडं देवदूताकडेच झुकलेलं आहे. त्याच्या खाली दोन दारं. स्वर्गाच्या दारात देवदूत एकेकाला हात धरून आत घेतो. नरकाचं दार एका अक्राळविक्राळ जबड्याचं आहे आणि त्यात माणसांना ढकललं जातंय.

नरकाच्या बाजूला ओळ नाही, शांतता नाही. तिथे सगळं आडवंतिडवं, उलटंपालटं. चिलखतातला सरदार घोड्यावरून डोक्यावर आपटलाय, हा गर्व. कंजुष माणूस गळ्यात पैशाची थैली बांधून फाशी गेलाय. व्यभिचारी जोडपं एकत्र बांधून सैतानासमोर उभं केलंय. एकाची जीभ ओढली जातेय. शिकाऱ्याला ससा भाजतोय. एका नागड्या राजाचा मुकुट एक राक्षस दातांनी ओढतोय. आणि जाळ्यात अडकलेले बिशपही आहेत. मठाच्या दारावर, मठाच्या खर्चाने, धर्मगुरूंनाच नरकात दाखवायची ताकद त्या शिल्पकारात आणि त्याला काम देणाऱ्यात होती. या पटाबद्दलचा माझा आदर मुख्यतः यासाठी आहे.

तळाशी लॅटिन ओळ कोरली आहे. तिचा भाव असा: पाप्यांनो, वागणं बदललं नाहीत तर कठोर न्याय पुढे आहे हे जाणून असा.

उठण्यापूर्वी पटाच्या सगळ्यात बाहेरच्या कडेवर नजर फिरवा. दगडी पट्टीच्या आडून चौदा छोटे चेहरे डोकावतात. बोटांनी पट्टी धरलीय, नुसते डोळे वर. त्यांना ‘जिज्ञासू’ म्हणतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे मोजायला लावा. मोठी माणसं बहुतेक विसरून जातात.

तिसरी पायरी: आत, पण रंगीत काचा शोधू नका

चर्चची बांधणी मुख्यतः अकराव्या शतकाच्या मध्यापासून बाराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची. आत शिरल्यावर पहिली जाणीव उंचीची होते. मधलं दालन अरुंद आणि छत सुमारे २२ मीटर उंच. दोन्ही अंगांनी वाट काढलेली आहे आणि ती गाभाऱ्याला वळसा घालून परत येते. पूजाअर्चेत अडथळा न येता यात्रेकरूंना संताच्या अस्थींभोवती फिरता यावं म्हणून. मराठी माणसाला याचं स्पष्टीकरण लागत नाही. प्रदक्षिणामार्गच तो. डाव्या हाताने सुरू करून सावकाश पूर्ण फेरी घाला.

फेरी घालताना स्तंभशीर्षं पाहा. एकावर संत फ्वाला शिक्षा सुनावली जातेय. उत्तरेकडच्या बाहूत, म्हणजे मधल्या दालनाला आडव्या जाणाऱ्या भागात, उंचावर देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो आहे, तेही मोठ्या आकृतींत.

मग खिडक्यांकडे या. पिएर सुलाज हा चित्रकार १९१९ साली रोदेझमध्ये जन्मला. शाळकरी वयात तो काँकला आला आणि या वास्तूत उभं असताना आपलं आयुष्य कलेतच घालवायचं हे त्याने ठरवलं, असं तो पुढे सांगत असे. काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून तो जगभर गाजला. १९८६ साली सरकारने याच चर्चच्या खिडक्यांचं काम त्याच्याकडे सोपवलं. एकूण १०४ खिडक्या आणि झरोके. तुलूझचा काचकारागीर झाँ-दोमिनिक फ्लरी याच्यासोबत वर्षानुवर्षं चाचण्या करून त्याने एक नवीच काच घडवली. रंग नाही, चित्र नाही, आरपार दिसतही नाही. आतल्या कणांची दाटी कमीजास्त असल्याने उजेड कुठे पातळ, कुठे दाट होऊन झिरपतो. १९९४ मध्ये काम पूर्ण झालं.

आधीच्या रंगीत काचा काढून या बसवल्या तेव्हा अनेकांना ते रुचलं नव्हतं. मलाही पहिल्या भेटीत या काचा फिक्या वाटल्या होत्या. भर दुपारी त्या तशाच वाटतात. पण संध्याकाळी पाचनंतर आत एका जागी बसून राहा. पश्चिमेच्या काचा हळूहळू केशरी होतात आणि उत्तरेच्या निळसर राहतात. काच तीच, रंग बाहेरच्या दिवसाचा. दगडांचे स्वतःचे रंग, पिवळा, तांबूस, करडा, यांवर कशाचंही सावट पडत नाही. सुलाजला हेच हवं होतं.

चौथी पायरी: रात्र

रात्री आठ-साडेआठनंतर गावात फक्त मुक्कामी लोक उरतात. हंगामात चर्चमध्ये दिवसाची शेवटची प्रार्थना होते आणि त्यानंतर पायी आलेल्यांना आशीर्वाद दिला जातो. तुम्ही पायी आला नसाल, ख्रिस्ती नसाल, तरी मागे शांत बसायला कोणाची हरकत नसते. खांदे झाकलेले असावेत, फोन बंद. १८७३ पासून इथे प्रेमोंत्रे या कॅथलिक संघाचे साधू आहेत. त्यांच्यापैकी एक जण बाहेर येऊन शिल्पपट समजावून सांगतो. बोलणं फ्रेंचमध्ये होतं. दुपारी तुम्ही पट नीट पाहिला असेल तर भाषा न येताही बराच भाग लागतो.

त्यानंतर चर्चमध्ये ऑर्गन वाजतो आणि वरचे सज्जे खुले होतात. तिकीट असतं, वेळा दर मोसमात बदलतात, म्हणून दुपारीच पर्यटन कार्यालयात विचारून ठेवा. वर गेल्यावर दिवसा खालून ठिपक्यांसारखी दिसणारी स्तंभशीर्षं हातभर अंतरावर येतात. खाली ऑर्गनचा नाद घुमत असतो. एवढं एक केलंत तरी मुक्कामाचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पाचवी पायरी: सकाळी आधी काचा, मग खजिना

लवकर उठा. चर्च उघडल्यावर पूर्वेकडच्या, गाभाऱ्यामागच्या खिडक्या पाहा. काल संध्याकाळी विझलेल्या काचा आता जाग्या झालेल्या असतात. मग न्याहारी करून खजिना उघडण्याच्या वेळेला पहिले आत जा. गटांच्या बसा यायच्या आधी.

इथे मध्ययुगीन सुवर्णकामाचे मोठे नमुने आहेत. बेगों हा ११०० च्या सुमाराचा मठाधिपती. त्याच्या काळातल्या, सोबत कुठेही नेता येतील अशा छोट्या वेदी पाहण्यासारख्या आहेत. शार्लमान्यचा ‘अ’ म्हणून ओळखली जाणारी, त्या अक्षराच्या आकाराची अस्थिमंजुषाही आहे. पण बाकी सगळं भरभर पाहा आणि वेळ एकीसाठीच राखून ठेवा.

संत फ्वाची मूर्ती. उंची ८५ सेंटिमीटर. सिंहासनावर बसलेली, हात पुढे, डोळे मोठे आणि रोखलेले. आत य्यू झाडाचं लाकूड, वरून सोन्याचा पत्रा, आणि पोकळीत अस्थी. घडण नवव्या-दहाव्या शतकाची, पण चेहरा त्याहून कितीतरी जुना. उत्तर रोमन काळातल्या सोन्याच्या पुरुषी मुखवट्याचा तो पुनर्वापर आहे, बहुधा सम्राटाचा. म्हणून तेरा वर्षांच्या मुलीच्या देहावर प्रौढ, करारी मुद्रा दिसते. मुकुट, कानातली, आणि अंगभर रत्नं. त्यांत रोमन काळातले कोरीव खडेही आहेत. सिंहासनावरचे स्फटिकाचे गोळे आणि हातांसारखे काही भाग नंतरच्या शतकांत आले. भक्त देत गेले, दागिने चढत गेले. मूर्ती कोणा एका काळाची राहिलीच नाही.

इ.स. १०१३ मध्ये बेर्नार नावाचा विद्वान शिक्षक आंजे शहरातून इथे आला. उत्तरेकडच्या त्याच्या प्रदेशात अशा मूर्ती नव्हत्या. वाटेत ओरियाकला संत जेरोची सोन्याची मूर्ती पाहून त्याने सोबत्याला हळूच विचारलं होतं, की ज्युपिटर किंवा मार्सला अशी मूर्ती शोभली नसती का? काँकमध्येही लोक हिच्यापुढे लोटांगण घालतायत हे पाहून त्याला हसू आलं. पण तो थांबला, लोकांशी बोलला, त्यांचे अनुभव ऐकले आणि आपल्या हसण्याचा त्याला पश्चात्ताप झाला. तिच्या चमत्कारांचा ग्रंथ त्यानेच लिहायला घेतला. मूर्तीतून संताची आठवण जागते, सोन्याची पूजा होत नाही, असं तो मग मांडतो. हा वाद आपल्या कानांना किती ओळखीचा आहे!

बेर्नारच्या ग्रंथातली फ्वा खोडकर आहे. तिला दागिने आवडतात. श्रीमंत बायकांच्या स्वप्नात येऊन ती त्यांची कंकणं मागते, आणि दिली नाहीत तर पिच्छा सोडत नाही. ज्या माणसाचे डोळे काढले गेले होते त्या गिबेरला तिने दृष्टी परत दिली, ही तिची सर्वांत गाजलेली कथा. दुष्काळ, तंटे अशा प्रसंगी मूर्ती मिरवत बाहेर नेली जाई, पुढे वाद्यं वाजत. नवस, दागिने, मिरवणूक: मराठी घरातून आलेल्या माणसाला या काचेच्या पेटीपुढे उभं राहून परकं वाटायला जागाच नाही. युरोपातल्या पुष्कळ संग्रहालयांत मला माहितीपत्रक घेऊन फिरावं लागलं. इथे नाही लागलं.

एवढं सोनं टिकलं कसं, हेही ऐका. १५६८ साली कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातल्या युद्धात प्रॉटेस्टंट सैन्याने चर्चला आग लावली. राज्यक्रांतीत सरकारने ठिकठिकाणच्या चर्चमधलं सोनंचांदी वितळवायला नेलं. काँकच्या गावकऱ्यांनी खजिना घराघरांत लपवला आणि धोका टळल्यावर आणून दिला. गरीब, डोंगराळ, रस्त्यापासून दूर असलेलं गाव, आणि एकानेही तो गिळला नाही. वास्तू मात्र खचत चालली होती. १८३७ मध्ये स्मारकांचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथे आला, अशा ओसाड जागी एवढी संपत्ती पाहून चकित झाला आणि दुरुस्तीच्या मागे लागला. दर्शनी भागावरचे दोन्ही मनोरे त्यानंतरचे, एकोणिसाव्या शतकातले आहेत.

जेवणाचं

शाकाहारी असाल तर या भागात उपाशी राहणार नाही, पण विचारून घ्यावं लागेल. इथला खरा पदार्थ आलिगो. उकडून घोटलेल्या बटाट्यात ताजं, न मुरलेलं चीज, लोणी आणि लसूण घालून तो इतका घोटतात की पळीबरोबर हातभर लांब तार निघते. सोबत बहुतेक वेळा सॉसेज येतं, म्हणून ‘साँ व्यांद’, म्हणजे मांसाशिवाय, असं स्पष्ट सांगा. ‘फार्सू’ नावाची पालेभाजीची धिरडी मिळतात, पण त्यांत अंडी असतात आणि कधी मांसही, विचाराच. कडक शाकाहारींसाठी एक गोष्ट: रोकफोर, लायोल ही इथली पारंपरिक चीज प्राणिजन्य रेनेट, म्हणजे वासरा-कोकरांच्या जठरातून काढलेलं विरजण, वापरून केलेली असतात. आलिगोतलं चीजही त्याच पद्धतीचं. गोडात फुआस घ्या, संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास असलेला मऊ पाव. सकाळच्या कॉफीबरोबर उत्तम. वाइन घेणाऱ्यांनी जवळच्याच मार्सियाकची तांबडी मागावी. आणि दुकानात, हॉटेलात शिरताना आधी ‘बाँझूर’. त्याशिवाय थेट विचारणं इथे उद्धटपणा समजतात.

सहावी पायरी: पूल, चढ आणि घंटा

सामान ठेवून तासा-दीड तासाची ही शेवटची फेरी करा. शार्लमान्य गल्लीने खाली उतरा. बारी वेस ओलांडली की उतार दुर्दूच्या पुलापर्यंत नेतो. लोक याला ‘रोमन पूल’ म्हणतात, पण त्याचा रोमनांशी संबंध नाही. स्थानिक ऑक्सितान भाषेत यात्रेकरूला ‘रुमिऊ’ म्हणतात, त्याचा हा अपभ्रंश. पूल पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि सांतियागोकडे निघालेले लोक अजून त्यावरूनच जातात.

पूल ओलांडला की समोर खडा चढ. झाडीतून जाणारी ही पायवाट संत फ्वाच्या छोट्या चॅपेलपर्यंत पोचते. पाणी बरोबर ठेवा, पाय ठेवताना ओल्या पानांवर लक्ष असू द्या. इथला झरा डोळ्यांच्या दुखण्यावर गुणकारी मानतात. गिबेरची कथा आठवली तर त्याचं कारण कळतं. चॅपेलपाशी वळून पाहा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास ऊन समोरच्या उतारावर पसरलेलं असतं आणि काल बांकारेलहून पाहिलेलं गाव आता वेगळ्या कोनातून, छपरांसकट, दिसतं.

चॅपेलची घंटा वाजवायची इथे रीत आहे. पुढे स्पेनकडे निघालेला यात्रेकरू ती वाजवतो आणि खाली गावात रात्री एकाच टेबलावर जेवलेल्यांना कळतं, की आपल्यातला कोणीतरी वर पोचला. तुम्ही पुढे जाणार नसलात तरी एक टोल द्या, आणि मग सावकाश खाली उतरा.